उरलेली हवा

ट्यूबा माझ्या मांडीवर आला तेव्हा मी चौदाची.
त्याला तीन पोचे: एक वादळातला,
एक आधीच्या वाजवणाऱ्याच्या लग्नातला,
तिसऱ्याविषयी लिफुकात कुणी बोलत नसे.

उइकेलोतू मास्तर म्हणाले, फुंकू नकोस इतक्यात.
स्तोत्रांच्या फाटक्या वहीतलं एक पान
त्यांनी देवळाच्या भिंतीला टेकवलं,
माझं तोंड त्यासमोर आणलं आणि हात काढून घेतला.
"पडू देऊ नकोस."
पडलं.
चार अंक मोजेतो पडायचं, मग सहा मोजेतो,
मग महिनाभर सहालाच.

मला याची लाज वाटे, कारण घरी मी दमाची मानली जायचे.
बाबा समुद्रातून लोली काढत,
त्या काळ्या, मऊ, आळशी काकड्या,
बारा वाव खोल, पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही.
पायरीवर बसवून शिकवायचे: भर. मीट. धर.
वर येईतो एक बुडबुडाही द्यायचा नाही पाण्याला,
पाणी उसनं घेतं ते परत करत नाही.
मी तीन मिनिटं धरायचे.
भाऊ मोजता मोजता कंटाळून निघून जायचा.

मास्तरांनी मला चटईवर आडवं केलं,
पोटावर सोललेला नारळ ठेवला.
"हा वर जाऊ दे, खांदे नकोत.
तू श्वास पुरून ठेवतेस, मेलेनाइते, म्हातारीनं नाणी पुरावीत तशी.
तू टाकी नाहीस. पन्हळ हो.
छपरावरून आलं, पुढे दिलं."

मग रोज संध्याकाळी धक्क्यावर एकच खालचा सूर.
आठ अंक. दहा. ओठ सुजायचे,
डोळ्यांपुढे काजवे, गुडघ्यांत कापूस.
ओहोटीच्या चिखलात शिंपले उकरणारी डुकरं
पहिल्या आठवड्यात पळून जायची,
तिसऱ्या आठवड्यात नाक वर करून ऐकायची,
नंतर त्यांनीही लक्ष देणं सोडलं,
तेव्हा मास्तर म्हणाले, आता सूर सरळ झाला.

आणि म्हणाले, संपलं वाटतं ना,
त्याच्याही तळाशी मूठभर हवा असते.
तिथवर जायला मात्र घाबरायचं नाही.

दुसरा ट्यूबा लोसिमानीचा.
तो बेकरीत कामाला, बाहीतून पीठ सांडायचं.
आमचा करार साधा होता:
दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही.
तो ओळ संपताना घेई, मी शब्दाच्या मध्यात, चोरून,
बाकांवरच्या लोकांना वाटावं
मागे कुणीतरी एकच बसलंय, ज्याला हवा लागत नाही.

सतराव्या वर्षी, मे महिन्यात, होडी आली.
बाबा तिच्यात होते. आडवे.
त्यांनी बुडबुडा दिला नव्हता म्हणाले सोबतचे,
शेवटपर्यंत नाही.

मुलीची ताओवाला मोठी असते, जुनी, फाटकी,
काखेपर्यंत गुंडाळलेली चटई.
तिच्यावर दोरी, तिच्यावर ट्यूबा.
पोट फुगायला बोटभर जागा नव्हती.
तू वाजवायलाच हवंस असं नाही, मास्तर म्हणाले.
मी बसले.

रात्रभर ठीक गेलं.
पहाटेच्या स्तोत्रात, शेवटून दुसऱ्या ओळीला,
छाती आपोआप जुनं काहीतरी करू लागली:
भर. मीट. धर.
आणि धरलीच.
माझा ट्यूबा गप्प. माझ्या कानांत पाणी.

लोसिमानीची श्वासाची जागा आली.
त्यानं ती सोडून दिली.
त्याचे कान लाल झाले, मग मान,
गालावर पिठाची रेघ थरथरत होती,
सूर मात्र तसाच, जमिनीसारखा,
एक माप, दोन, तीन, चार.

मग कुठेतरी माझी मूठ उघडली.
तळाशी उरलेली ती हवा मी काढली,
घरात आम्ही जिला कधी हात लावला नव्हता ती,
आणि पितळेच्या त्या लांब वळणांतून
पुढे दिली.

नंतर चहा पिताना लोसिमानी म्हणाला,
चार मापं उधार आहेत तुझ्याकडे.
हो, म्हटलं.
अजून फेडलेली नाहीत. तो मागतही नाही.
बेकरीवरून जाताना कधी कधी
बोटांनी चार दाखवतो फक्त.